मॅक्सिमस म्हणजे सर्वांत मोठा



बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करायला आईवडील येतात तेव्हा हमखास विचारतात, "फादर, एखादे चांगले संताचे नाव सांगा ना!" आम्हांला त्याचा आनंद होतो. आम्ही नाव सुचवतो, त्या संताची थोडी माहिती सांगतो आणि रजिस्टरमध्ये नाव लिहितो. पण रजिस्टरमध्ये लिहिलेले नाव आपोआप आयुष्यात उतरत नाही. आज त्याविषयीच चार शब्द.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलच्या एका ग्रंथाच्या सुरुवातीलाच आम्हांला एक साधी गोष्ट शिकायला मिळाली. दोन गोष्टींचे नाव एकच असू शकते, पण म्हणून त्या दोन्ही एक होत नाहीत. त्याचे उदाहरण माणूस आणि माणसाचे चित्र असे आहे. आपण आपल्याकडचे घेऊ. गोठ्यातला बैल हाही बैल आणि पोळ्याचा मातीचा बैल हाही बैलच. फरक कळतो तो औताला जुंपायची वेळ आल्यावर!

मॅक्सिमस हे लॅटिन नाव असेच आहे. त्याचा अर्थ 'सर्वांत मोठा'. रोमन लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजेच जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक माहितीपुस्तकात तगरचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. त्याच रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात मॅक्सिमस नावाचे सम्राट झाले आणि मॅक्सिमस नावाचे बिशपही झाले.

पहिला सम्राट मॅग्नस मॅक्सिमस. म्हणजे 'मोठा' आणि वर 'सर्वांत मोठा'! हा ब्रिटनमधला सेनानी. ३८३ साली सैन्याने त्याला सम्राट केले. त्याआधी थोडेच दिवस त्याने बाप्तिस्मा घेतला होता. प्रिसिलियन नावाच्या एका बिशपवर काही बिशपांनीच पाखंडाचे आरोप केले आणि प्रकरण सम्राटापुढे नेले. तूरचे बिशप संत मार्टिन यांनी विनवणी केली की, यांचे रक्त सांडू नका. सम्राटाने तसे कबूल केले. मार्टिन निघून गेल्यावर मात्र ३८५ च्या सुमारास ट्रिअर शहरात प्रिसिलियन आणि त्यांच्या काही साथीदारांची डोकी उडवली गेली. श्रद्धेच्या नावाखाली एका ख्रिस्ती राजाने ख्रिस्ती माणसांना मारले. ३८८ साली हा सम्राटही लढाईत हरला आणि मारला गेला.

दुसरा पेट्रोनियस मॅक्सिमस. हा रोमचा गडगंज श्रीमंत सरदार. ४५५ साली आधीच्या सम्राटाचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी हा गादीवर बसला. अडीच महिन्यांत व्हँडल लोकांची जहाजे इटलीच्या किनाऱ्याकडे आली. तेव्हा नगर वाऱ्यावर सोडून 'सर्वांत मोठा' पळू लागला आणि पळता पळता मारला गेला. शत्रूला सामोरे गेले ते पोप लिओ. त्यांच्याजवळ सैन्य नव्हते. लूट थांबली नाही, पण कत्तल आणि जाळपोळ करू नका, अशी विनंती त्यांनी केली.

आता बिशप पाहू. जेरुसलेमचे बिशप मॅक्सिमस यांनी छळाच्या काळात श्रद्धा सोडली नाही. त्यांचा एक डोळा गेला आणि एक पाय अधू झाला, असे जुने इतिहासकार सांगतात. पुढे त्याच अधू पायाने ते आपल्या लोकांमध्ये वावरले.

दुसरे संत मॅक्सिमस उत्तर इटलीतल्या तुरीन नगराचे बिशप. पाचव्या शतकाच्या आरंभी गॉथ टोळ्या त्या भागात शिरल्या होत्या. ऐपतदार लोक गाव सोडायची तयारी करत होते. बिशप त्यांना म्हणाले की, गाव ही आई आहे, संकटात आईला टाकून जाऊ नका. त्यांची शंभराच्या आसपास प्रवचने आज उपलब्ध आहेत. त्यांतली एक गोष्ट मनाला फार टोचते. टोळ्यांनी लुटलेला माल काही ख्रिस्ती लोक स्वस्तात विकत घेत होते. बिशपांनी त्यांना स्पष्ट सुनावले की, शेजाऱ्याच्या रडण्यावर तुम्ही नफा कमावता आहात.

बंधू-भगिनींनो, येथे आपण थांबू या. आपल्याकडे टोळ्या येत नाहीत, दुष्काळ येतो. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो, २०१२-१३ चा आपण सर्वांनी पाहिला. चारा संपला की शेजारी बैलजोडी घेऊन बाजारात उभा राहतो. त्याची अडचण ओळखून आपण भाव पाडतो का? त्याच्या गरजेपोटी दिलेल्या उसन्या पैशांवर शेकडा किती व्याज लावतो? 'व्यवहार आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पोटासाठी ऊसतोडीला किंवा पुण्याला जाणारा माणूस पळपुटा नव्हे. बिशपांचा शब्द ऐपत असलेल्यांसाठी होता.

बोट फक्त तुमच्याकडे दाखवून आम्ही सुटणार नाही. एका टंचाईच्या वर्षी टँकर आला तेव्हा पहिली टाकी फादरच्या घराची भरली गेली. फाटकाबाहेर बायाबापड्या घागरी घेऊन उभ्या होत्या. लोकांनी मानाने दिले म्हणून आम्ही गप्प राहिलो. त्या दिवशी आम्ही कोणत्या मॅक्सिमसचे वारस होतो, हे आम्हांला अजून विचारावे लागते.

आपल्यांत मोठा कोण, यावर शिष्य वाटेत वाद घालत होते. प्रभू येशूने त्यांना सांगितले की, पहिला होऊ पाहणाऱ्याने सर्वांत शेवटचा आणि सर्वांचा सेवक व्हावे. मग त्याने एका बालकाला मध्ये उभे करून कवटाळले. (मार्क ९:३३-३७) मोठेपणा मोजायची प्रभूची पट्टी हीच. गादीने माणूस मोठा होत नाही. घागरींच्या रांगेत आपण कुठे उभे राहतो, यावर तो ठरतो.

या आठवड्यात प्रत्येक घराने एक गोष्ट करावी. आपल्या बाप्तिस्म्याच्या नावाचा संत कोण, हे मुलांना सांगावे. नाव देशी असेल तर त्याचा अर्थ सांगावा. आणि अडचणीत असलेल्या एका शेजाऱ्याला त्याची अडचण न वापरता मदत करावी.

हे प्रभो, तू आम्हांला नावाने ओळखतोस. त्या नावाला शोभेल असे जगण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.

आपले धर्मगुरू