फुलहॅम ते केडगाव

आपल्या माणसांवर प्रेम करावं, हे कोणत्याच धर्माला वेगळं सांगावं लागत नाही. प्रश्न उरतो तो परक्याचा. परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही कधीकाळी मिसर देशात परके होता, ही आज्ञा लेवीयाच्या पुस्तकातच आहे. तरी आज्ञेतून वाट काढायला माणूस तयारच असतो. येशूला एका शास्त्र्याने विचारलं, की शेजाऱ्यावर प्रेम करायचं, तर शेजारी म्हणावं तरी कोणाला? हद्द कुठे संपते, एवढंच त्याला ठरवून हवं होतं.

येशूने हद्द सांगितली नाही, गोष्ट सांगितली. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, त्याला टाळून पलीकडून जाणारे याजक आणि लेवी, आणि यहुदी ज्यांच्याशी व्यवहारही ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी थांबलेला एक जण. आपण ही गोष्ट दुबळ्यांना मदत करण्याची म्हणून ऐकतो. पण तिच्यात परका आहे तो मदत करणारा. ज्याला आपण हलका समजतो त्याच्याकडून प्रेम शिकायची पाळी येते, हे तिच्यातलं खरं अवघड आहे. आणखी एक: शोमरोन्याने जखमा बांधल्या, उतारशाळेचे पैसे भरले आणि तो आपल्या वाटेने गेला. जखमी माणसाकडून त्याने काहीच मागितलं नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हे मनावर घेतलं होतं. 362 साली रोमचा सम्राट जूलियन, जो स्वतः ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला होता, त्याने एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्याच नव्हे, तर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष मला मोलाची वाटते. पुढे ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. आधी कोणावर, मग कोणावर, अशी प्रेमाची उतरंड पंडितांनी लावली. ती व्यवहाराला धरून होती, पण तिच्यात परका तळाशी गेला.

परक्यावर प्रेम करण्याचा विचार मराठी मुलखात कसा पोचला, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळच्या फुलहॅममध्ये, समाजाने टाकलेल्या बायकांना धर्मभगिनी मायेने सांभाळत होत्या. अशा बायकांना पुन्हा माणसांत घेता येतं, हे पाहून रमाबाई हलून गेल्या. एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. पुन्हा शोमरोनीच! त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण एका कथेने प्रेमाचं वर्तुळ एकदम रुंदावत नाही. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. म्हणजे स्वतः ज्या समाजात वाढल्या, त्याच समाजातल्या मुलींसाठी. पुढे सदन पुण्याला आलं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, गदारोळ उठला आणि 1893 मध्ये हिंदू सल्लागारांनी राजीनामे दिले. मग 1896–97 चा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण पूर्वीच्या एका दुष्काळात उपासमारीने गेले होते. भूक त्यांना वेगळी समजावून सांगायला नको होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. या वेळी जात आड आली नाही. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. फुलहॅममध्ये पाहिलं तसं, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. मुलगी मनोरमाने ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवलं. फुलहॅमपासून इथवर यायला दीड दशक लागलं.

1893 चा वाद मी झाकून ठेवणार नाही. रमाबाईंची माया खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण आश्रयाला आलेल्या निराधार मुलीला आश्रय देणाऱ्याचाच धर्म पुढे जवळचा वाटू लागतो, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी राहते, हा प्रश्न टीकाकारांनी रास्त विचारला होता. ख्रिस्ती माणसाने तो शोमरोन्याच्या गोष्टीपुढे ठेवून पाहावा. वर्तुळात ये मग प्रेम करतो, असं शोमरोनी म्हणाला नव्हता. आणि वर्तुळात आलेल्यांचं तरी काय झालं? आपल्या कित्येक मंडळ्यांत सोयरीक ठरवताना आजही मूळ जात विचारली जाते.

परका आजही आपल्या दाराशी येतो. नाताळ ऐन ऊसतोडणीच्या हंगामात येतो. तेव्हा बीडकडून आलेल्या टोळ्या नगर जिल्ह्यातल्या फडांवर कोप्या टाकून राहत असतात आणि त्यांच्या मुलांची शाळा बुडत असते. त्या भागात आपल्या मंडळ्या आहेत, शाळा आहेत, शिकलेली तरुण मुलं आहेत. एका दिवसाच्या फराळावर थांबू नका. हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी त्या मुलांना शिकवायला जा, आणि त्यांना नाव सोडून दुसरं काही विचारू नका.