अकबरीच का आवडते?

उर्दूतील पहिली कादंबरी कोणती, असे विचारले की बहुतेक जण डेप्युटी नझीर अहमद यांच्या 'मिरातुल उरूस'चे नाव घेतात. ती १८६९ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ 'नववधूचा आरसा'. नझीर अहमद यांनी शिक्षण खात्यात शाळा तपासनीस म्हणून काम केले होते. आपल्या मुलींना वाचायला देण्याजोगे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते लिहिले. पुढे सरकारने या पुस्तकाला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. तेव्हाचे हजार रुपये!

गोष्ट दिल्लीतल्या दोन बहिणींची. दोघी एकाच घरात दिलेल्या, दोघा सख्ख्या भावांना. थोरली अकबरी आजीच्या लाडात वाढलेली, हट्टी, तोंडाने फटकळ. सासूशी तिचे पटत नाही, ती वेगळी चूल मांडते आणि एका ठक बाईच्या गोड बोलण्याला भुलून दागिने गमावून बसते. धाकटी असगरी शिकलेली, हिशेबी, शांत. ती घर सावरते आणि पुढे मोहल्ल्यातल्या मुलींना घरीच शिकवू लागते. लेखकाचा कौल कुणाकडे आहे हे सांगायला नको. कादंबरीचा मोठा भाग असगरीलाच दिलेला आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ही गोष्ट मुलींना सांगितली की दरवेळी एकच प्रश्न येतो, "टीचर, अकबरीचं पुढे काय झालं?" असगरीचे पुढे काय झाले, हे अजून एकीनेही विचारलेले नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका विद्वान माणसाने आदर्श म्हणून जिला घडवले ती बाजूला राहते आणि इशारा म्हणून जिला उभे केले ती मनात घर करते. असे का व्हावे?

सद्गुण रटाळ असतात, हे झटपट उत्तर मला पटत नाही. असगरीच्या कथेतही एक जागा अशी आहे, जिथे वर्ग एकदम गप्प होतो. घरातली जुनी मोलकरीण मामा अजमत वर्षानुवर्षे हात मारते आहे. साऱ्या घराचा तिच्यावर विश्वास. काल आलेली सून तिच्याविरुद्ध तोंड उघडू पाहते. इथे असगरीचे काहीतरी पणाला लागलेले असते. डाव उलटला तर बदनामी तिचीच. त्या काही पानांपुरती ती मुलींना अगदी आपली वाटते. मग सगळे सुरळीत होते आणि ती पुन्हा आदर्श बनते. तिला स्वतःसाठी काय हवे आहे, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. अकबरीला मात्र सतत काहीतरी हवे असते. स्वतःचे घर हवे, मैत्रिणी हव्यात, मनासारखे दिवस हवेत. ते मिळवण्याची तिची रीत चुकते, पण हवेपण खरे आहे. नझीर अहमद यांनी तिला नापास केले खरे, पण तिच्या तोंडी भाषा इतकी जिवंत घातली की पेपर तपासणाऱ्याचेच तिच्यावर प्रेम असावे, अशी शंका येते.

मुलींना अकबरी आवडली तर त्या बिघडतील, असे आमच्यातलेच काही जण म्हणतात. ही भीती मला खोटी वाटते. अकबरी कुठे चुकली हे मुलींना नेमके कळते. त्या हसतात ते तिच्या मूर्खपणालाच. आवडणे म्हणजे अनुकरण करणे नव्हे.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच प्रकारच्या आवडीची. मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' १८९९ साली आली. फैजाबादची अमीरन. बापाने ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली तो माणूस सूड म्हणून तिला पळवतो आणि ती लखनौच्या कोठ्यावर विकली जाते. मराठीत त्याच दशकाच्या सुरुवातीला हरिभाऊ आपट्यांची यमू 'पण लक्षात कोण घेतो!' म्हणत आली. या दोघींसाठी किती पिढ्यांनी डोळे पुसले असतील! पण उमरावला तिच्याच माणसांनी घरात परत घेतले नाही, आणि तिच्यासाठी रडणाऱ्या वाचकांपैकी किती जणांनी घेतले असते? पुस्तकातली स्त्री दुःखी असली की आपल्याला सुंदर दिसते. तिचे दुःख आपल्याकडे काही मागत नाही. शेजारची तलाकशुदा बाई मात्र शिवणयंत्रासाठी कर्ज मागते, जामीन व्हा म्हणते. तिथे आमचे रसिकत्व संपते. लेखकांनाही ही सवय लागलेली आहे. नायिका प्रिय करायची तर तिला आणखी थोडे छळायचे. रुसवांचे मोठेपण असे की त्यांनी उमरावला स्वतः बोलू दिले. ती आपली कहाणी सांगताना थट्टा करते, शेर ऐकवते, स्वतःलाही सोडत नाही. दया मागत बसत नाही.

इस्मत चुगताई यांची 'टेढी लकीर' १९४०च्या दशकातली. तिची नायिका शमन ही आईबापांचे दहावे अपत्य, नको असताना जन्मलेली. ती गोड नाही, समजूतदार नाही, अनेकदा चीड आणते. तरी पुस्तक मिटवत नाही. तिच्यासाठी रडता येत नाही, तिची पूजाही करता येत नाही. तिच्याशी भांडावे लागते. इस्मतआपा बी.ए., बी.टी. होत्या, मुख्याध्यापिका होत्या, मुंबईत शाळांच्या निरीक्षकही होत्या. म्हणजे असगरीला घडवणारा शाळा तपासनीस आणि शमनलाही! या योगायोगाची मला फार गंमत वाटते.

गेल्या वर्षी मी नववीच्या मुलींना अकबरीच्या वतीने असगरीला पत्र लिहायला सांगितले. बहुतेकींनी माफी मागितली. एकीने लिहिले, "दागिने माझे होते. गेले ते माझे गेले. मी रडत होते तेव्हा माझ्याजवळ कोण येऊन बसलं, ते आधी सांग." तिला दहापैकी आठ गुण दिले. दोन गुण शुद्धलेखनाचे कापले.