पहिलं पाणी कोणाचं?

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागायला फोन आला की "यंदा वेळच नाही झाला हो" असं म्हणून मी सुटका करून घेतो. या वेळी स्वतःहून लिहायला बसलोय. 2024 च्या जुलैमध्ये मनालीहून लेहला जाताना एक अगदी लहानशी गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय मनातून जाईल असं वाटत नाही. हे प्रवासवर्णन मात्र नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी घरी चहाला यावं, सौ. चारशे फोटो दाखवायला तयारच आहे!

आम्ही तिघं होतो. मी, सौ. आणि बारा वर्षांचा मुलगा. मस्कतच्या समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाने विमानाने एकदम साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरू नये, रस्त्याने हळूहळू चढावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं ते बरोबर होतं, पण 'हळूहळू' हा शब्द मी सोयीने विसरलो. अटल बोगद्यातून लाहौलात उतरून पहिला मुक्काम जिस्पाला केला आणि दुसऱ्या दिवशी एका दमात लेह गाठायचं ठरवलं. ऑक्टोबर 2020 मध्ये हा नऊ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून रोहतांगचा घाट चुकतो, पण पुढच्या खिंडी काही चुकत नाहीत. बारालाचा खिंड 4890 मीटर, लाचुलुंग पाच हजारांच्या वर आणि तांगलांग 5328. बारालाचावरच मुलाचं डोकं दुखायला लागलं. सरचूच्या पठारावर त्याला पहिली उलटी झाली. त्या क्षणापासून माझं सगळं लक्ष गाडीच्या डिकीतल्या पाण्याच्या बाटल्यांवर. उंचीवर भरपूर पाणी प्या असं सगळेच सांगतात, म्हणून मनालीत बाराचं एक खोकं घेतलं होतं.

सरचू सोडलं की गाटा लूप्स लागतात. एकामागून एक एकवीस वळणं. झाड नाही, झुडूप नाही, नुसती विटकरी माती आणि वर न शोभेल इतकं निळं आकाश. त्या चढावर आमच्या ड्रायव्हरने न विचारता गाडी थांबवली. तो लाहौलचा, बौद्ध, चाळिशीचा, मोजकं बोलणारा. रस्त्याकडेला दगड रचून केलेलं एक लहानसं ठाणं होतं आणि त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा हा ढीग! शेकडो असतील. मधेमधे विड्या, सिगारेटी. त्याने आमच्या खोक्यातली एक सीलबंद बाटली काढली, तिथे ठेवली, हात जोडले आणि परत येऊन गाडी सुरू केली.

गोष्ट त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मोसमाच्या शेवटी एक ट्रक इथे बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला चालत निघाला, आजारी क्लीनर ट्रकमध्ये राहिला. बर्फ पडलं, रस्ता बंद झाला. मदत पोचली तेव्हा क्लीनर तहान-भूक-थंडीने गेलेला होता. त्याला तिथेच पुरलं. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक माणूस पाणी मागताना दिसू लागला म्हणे. तेव्हापासून त्याला पाणी देऊनच गाड्या पुढे जातात. न देणाऱ्याचं बरं होत नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. भुतावर माझा विश्वास नाही, पण मी काही बोललो नाही. एक बाटली गेली तर गेली.

त्यानंतर तीन-चार वळणं झाली असतील. रस्त्याचं काम चालू होतं. डांबराच्या पिंपाखाली जाळ, काळा धूर, आणि तोंडाला फडकी गुंडाळलेली दहा-बारा माणसं. त्यात दोन बायका. या रस्त्यांवर वर्षानुवर्षं झारखंडचे, विशेषतः दुमका भागातले मजूर येतात. उन्हाळ्यात खडी फोडायची, हिवाळ्याआधी परतायचं. आमच्यासारखेच म्हणायचे, फक्त त्यांना व्हिसा लागत नाही. गाडी हळू झाली तशी त्यातला एक पोरगेला मजूर काचेजवळ आला आणि त्याने अंगठा ओठांशी नेऊन खूण केली. पाणी.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चलो, चलो. बच्चे की तबीयत ठीक नहीं."

गाडी पुढे गेली. एवढंच घडलं.

संध्याकाळी लेहला सामान उतरवताना डिकी उघडली. सात बाटल्या शिल्लक होत्या. सील न फोडलेल्या.

मुलगा रात्रीतून सावरला आणि सकाळी पराठे मागू लागला. मला मात्र त्या सात बाटल्या छळायला लागल्या. आजारी लेकरासाठी पाणी राखून ठेवणं यात काय चूक? कुठल्याही बापाने हेच केलं असतं. पण मग त्याच खोक्यातली एक बाटली दहा मिनिटांपूर्वी मेलेल्या माणसाला दिली, तेव्हा मला लेकरू का आठवलं नाही? मेलेल्याला देणं सोपं होतं, हे त्याचं खरं उत्तर आहे. तो एकदाच मागतो. त्याच्या मागे आणखी अकरा जण उभे नसतात. तो डोळ्यांत पाहत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला दिलं नाही तर आपलं वाईट होईल, ही धास्ती. मजुराला नाही दिलं तर माझं काय वाकडं होणार होतं? म्हणजे ती बाटली दान नव्हतीच, तो विम्याचा हप्ता होता. आणि तो मेलेला क्लीनर तरी कोण होता? त्याच रस्त्यावर पोट भरायला आलेला एक पोरगा. आज ढीगभर बाटल्या त्याच्यापुढे उन्हात तापत पडल्यात, पण त्या दिवसांत एक घोट त्याच्यापर्यंत पोचला नाही.

हे सगळं मी सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्ही ड्रायव्हरला कशाला नावं ठेवता? नाव-गाव माहीत नसलेल्या एका क्लीनरची आठवण इतकी माणसं इतकी वर्षं ठेवतात, हे काय कमी आहे?" तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. अजूनही येत नाही.

नंतर आम्ही लेहजवळच्या एका गावात चार दिवस राहिलो. घरच्या आजींना सगळे आमा-ले म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या देवघरात रोज सकाळी सात वाट्या ओळीने मांडून पाण्याने भरायच्या. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर. संध्याकाळी पाणी काढून झाडांना घालायचं, वाट्या पुसून पालथ्या ठेवायच्या. देवाला पाणीच का, असं विचारलं तर त्यांच्या मुलाने सांगितलं, की पाणी सगळ्यांना मिळतं, ते देताना मनात कंजूषपणा येत नाही, म्हणून. मला हसू आलं. लेहला वर्षाकाठी पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास, आपल्या मस्कतइतकाच! सगळी शेती वितळलेल्या बर्फाच्या ओहोळांवर. म्हणून तर तिथे गावागावांत चुरपोन नेमतात. कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे तो ठरवतो.

ते ऐकताना मला आपल्याकडचा फलज आठवला. निझवाच्या सहलीला आपण सगळेच जातो, फलज दारिसच्या पाण्यात पाय सोडून बसतो, बटाटेवडे खातो. 2006 साली युनेस्कोने ज्या पाच फलजांना जागतिक वारशात घेतलं त्यातला हा एक. तिथेही शेताचं पाणी वेळेच्या हिश्श्यांत वाटलेलं असतं. पण त्याआधी एक क्रम आहे. फलज गावात शिरतो तिथे पहिलं पाणी पिण्यासाठी, आणि ते कुणालाही, वाटसरूलासुद्धा. मग मशीद, आंघोळीच्या जागा, आणि सगळ्यात शेवटी खजुराच्या बागा. ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी देवालाही तहानलेल्याच्या मागे उभं केलं.

आणि आपल्याला हे नवीन थोडंच आहे? नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. मीही मुलाला सांगितली आहे, आवाज वगैरे बदलून. नाथांचं पाणी देवाला कबूल केलेलं होतं आणि खांद्यावरून मैलोन्‌मैल आणलेलं होतं. माझी बाटली वीस रुपयांची होती.

तरीही एक शंका उरते. गाढव एकच होतं. वाटेत शंभर गाढवं भेटली असती तर नाथांनी काय केलं असतं? आखातात राहणाऱ्या आपल्याला ही शंका रोजची आहे. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन इथे उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं. साडेतीनला पुन्हा पिवळ्या हेल्मेटांच्या रांगा रस्त्यावर येतात आणि आपण एसी लावलेल्या गाडीतून सिग्नलला उभे असतो. कितीजणांना देणार, असं म्हणून काच वरच राहते. हे वाक्य मी वीस वर्षं म्हणतो आहे. ते खोटं नाही. पण गाटा लूप्सवर मागणारा एकच होता आणि तिथेही मला ते पुरलं.

आता अनंत चतुर्दशी झाली की लगेच पितृपंधरवडा. माझे वडील 2011 साली सांगलीला गेले. मी पोचलो तेव्हा चौदा तास उलटले होते. शेवटचं दोन चमचे पाणी त्यांना रात्रपाळीच्या मावशींनी पाजलं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. त्या मावशींचं नाव मी तेव्हा विचारलं नाही आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही. तेव्हापासून दरवर्षी न चुकता तर्पण करतो. बाल्कनीत पूर्वी खूप शांत वाटायचं. गेल्या वर्षी ओंजळीतून पाणी सोडताना ते ठाणं आणि तो बाटल्यांचा ढीग डोळ्यांपुढे आला. तर्पण मी यंदाही करणार आहे. वडिलांना द्यायचं राहून गेलेलं पाणी दुसरं कुठे देऊ?

एक सांगायचं राहिलं. लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर मनालीला परत निघाला. मी त्या सात बाटल्या त्याच्या गाडीत ठेवल्या आणि म्हणालो, वळणांवर कालची माणसं दिसली तर द्या. तो म्हणाला, "देता ही हूँ साब. लौटते वक्त गाड़ी खाली रहती है." म्हणजे तो नेहमीच देत होता. माझ्या सांगण्याची वाट पाहत नव्हता.

गाडी गेल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, मग त्या बाटल्या आपण दिल्या की त्यांनी?"

मी त्याला म्हणालो, चल, आधी नाश्ता करून घेऊ.