याचना की अधिकार?

नेवासे तालुक्यातील घोडेगाव म्हशींच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. परंतु हंगाम सरून ज्याचे काम सुटले, त्या मजुराजवळ दोन हातांखेरीज बाजारात मांडण्यासारखे काही नसते, आणि ते घेऊन तो ग्रामपंचायतीच्या दप्तरापुढे उभा राहतो तेव्हा बेकारभत्ता मागणे ही भिक्षाच नव्हे काय, हा प्रश्न त्याला टोचल्यावाचून राहत नाही. यज्ञात आपला वाटा न घालता भोगणारा तो चोर, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. आणि याच तालुक्यात, नेवाशास, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायाचे विवरण करताना स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटले. गीतेच्या त्या चोराच्या वचनाचा धाक गरिबालाच अधिक वाटावा, याचा मला खेद होतो.

वस्तुतः महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने, क्रम निराळा लावला: आधी कामाचा अर्ज, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यासच भत्ता, २००५ च्या कायद्यात तो पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चतुर्थांश, नंतर किमान निम्मा. म्हणजे अर्जावर अंगठा उमटविणाऱ्याने आपली आहुती पुढे केलेलीच असते. मग ऋणी कोण? श्रम देऊ करणारा, की ते घेण्याचे वचन देऊन न पाळणारे शासन? भत्ता ही त्या वचनभंगाची भरपाई होय, खैरात नव्हे. म्हणून अर्जाची पोचपावती मागताना मजुराने ओशाळू नये, आणि कारकुनानेही ती तारीख घातल्यावाचून देऊ नये, कारण सहसा त्या तारखेपासूनच पंधरा दिवसांची गणती चालू होते.