वाळूचा दंड आणि जमिनीचे देणे

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूर गावाला तर जुनी माणसे आजही घोडनदीच म्हणतात. नदीच्या नावाने ओळखले जाणारे ते गाव आहे. याच परिसरातील एका लहानशा मशिदीत मी इमामत करतो. आमच्या वजूखान्याचे बांधकाम निघाले तेव्हा एका सद्‌गृहस्थाने दोन ब्रास वाळू देऊ केली. वाळू रात्री आली. रॉयल्टीची पावती मी मागितली नाही. सकाळी ‘जजाकल्लाह’ म्हणून मोकळा झालो.

पुढे एका तरुण नमाजीने विचारले, “इमामसाहेब, या वजूखान्यात केलेला वजू होतो का?” वजू होतो, नमाजही होते, हे मी सांगितले, फिकहच्या दृष्टीने त्यात अडचण नाही. पण त्याचा खरा प्रश्न दुसराच होता, आणि तो मला झोपू देईना. हे देणे कोणाचे, आणि ते फिटते कशाने?

देशाचा कायदा पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 नुसार नदीचे पात्र शासनाच्या मालकीचे आहे. कलम 48 अन्वये विनापरवाना गौण खनिज काढणाऱ्यास त्याच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहन व यंत्रसामग्री जप्त होते. केंद्राच्या 1957 च्या खाण व खनिज कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड आला. नदीपात्रातील बोटी जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणजे शिक्षा नाही असे नाही. मात्र धंदा करणारा तो दंड डिझेलच्या शेजारी खर्चाच्या रकान्यात मांडतो. (आणि सापडतो बहुधा ट्रॅक्टरचा चालक; मालक घरी निजलेला असतो.)

मदरशात आम्ही ‘हिदाया’ शिकलो. त्यातील गसबच्या, म्हणजे बळकावणीच्या प्रकरणात एक वाद येतो. इमाम अबू हनीफा आणि अबू यूसुफ म्हणतात, जमीन जागची हलत नाही, म्हणून तिच्याबाबत गसब हा शब्द लागू पडत नाही; इमाम मुहंमद म्हणतात, लागू पडतो. विद्यार्थिदशेत मला हा वाद कोरडा वाटे. पण त्याच ठिकाणी तिघांचे एकमत नोंदवले आहे : माणसाच्या कृतीने वा वापराने जमिनीत जी घट आली, ती त्याने भरून द्यायचीच. इथे दृष्टी कुठे लागली आहे ते पाहा. आपला कायदा दंड ठरवताना वाळूचा भाव पाहतो. हे फकीह जमिनीची घट पाहतात. दोन ब्रास वाळूची किंमत बाजारात कळते. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, गाळते, काठच्या विहिरींना पुरवते. ती खालच्या मातीपर्यंत खरवडली की विहीर आटते, काठ ढासळतो, उभ्या उसासकट बांध नदीत जातो. ही घट पावतीवर येत नाही. पाचपट दंड वसूल झाला तरी तो शासनाच्या तिजोरीत जातो. विहीर आटलेल्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले काय पडते?

कोणी म्हणेल, नदी अल्लाहची, वाळू पुराबरोबर पुन्हा येते, मी कोणाचे लुबाडले? पूर्वी या म्हणण्यात काही तथ्य असेलही. आज भीमेवर चासकमान, घोडवर डिंभे, मुठेवर खडकवासला उभे आहे; वरची बरीचशी वाळू त्या धरणांच्या भिंतींमागेच अडते. आणि पाण्यात सर्व लोक भागीदार आहेत, या आशयाची हदीस अशा माणसाला सोयीची वाटते खरी, पण भागीदारीचा अर्थ भागीदाराला न विचारता उचलून नेणे असा होत नाही. जहाजाच्या खालच्या मजल्यावरील लोकांचा दृष्टांत बुखारींनी नोंदवला आहे. वरच्यांना त्रास नको म्हणून ते आपल्याच वाट्याच्या तळाला भोक पाडू पाहतात. कोणी हात धरला नाही तर सगळेच बुडतात. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला त्यात सर्वांत भयंकर वाटते.

तौबा अल्लाहच्या हक्काची भरपाई करते. बंद्याच्या हक्कासाठी बंद्याकडेच जावे लागते, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात सांगतो. म्हणून मशिदीच्या विश्वस्तांपुढे मी दोन गोष्टी मांडल्या : पावतीशिवाय आता खडाही घ्यायचा नाही, आणि जिथून ती वाळू आली त्या काठावर जाऊन यायचे. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आम्ही दोघेच गेलो, मी आणि तो तरुण.

काठावरच्या शेतकऱ्याने विहीर दाखवली. मोटार वर काढून ठेवलेली होती. मी सगळे सांगितले आणि माफी मागितली. तो म्हणाला, “मौलाना, तुमची दोन ब्रास मी सोडली. बाकीच्यांची मी कशी सोडू? ते तर आलेच नाहीत.”