चौथा एक टक्का

ज्या घरात बौद्धिक दिव्यांगत्व असलेले मूल वाढत असते, त्या घरातील आईवडिलांच्या मनात एक प्रश्न मुलाच्या बालपणापासूनच ठाण मांडून बसलेला असतो आणि मूल जसजसे मोठे होते तसतसा तो अधिकच जड होत जातो : ‘आमच्यामागे याचे काय होणार?’ मूल शाळेत जात असते तोवर हा प्रश्न थोडा दूर सारता येतो. मुंबईत 1944 साली जय वकील शाळा निघाली, पुण्यात 1964 साली कामायनी, नाशिकला 1977 साली प्रबोधिनी. अशा संस्थांतून निष्ठावान विशेष शिक्षकांनी अशा मुलांच्या पिढ्यांना अक्षरओळख, अंक, नीटनेटकेपणा आणि स्वावलंबन शिकविण्यासाठी आपली आयुष्ये वेचली. परंतु वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की विशेष शाळेच्या हजेरीपटावरून नाव उतरते; पुढे एखाद्या कार्यशाळेत जागा मिळालीच तर कागदी पिशव्या, पणत्या, राख्या आणि उटण्याची पाकिटे तयार करण्याचे काम हाती येते, आणि जागा न मिळाल्यास धडधाकट शरीराचा, काम करण्याची उमेद असलेला एक तरुण दिवसभर घरी बसून राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची काही जबाबदारी राज्यसंस्थेने स्वतःच्या शिरावर घेतलेली आहे, ही गोष्ट आरंभीच कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. दिव्यांगांना रोजगार मिळवून देणारे देशातील पहिले खास सेवायोजन कार्यालय 1959 साली मुंबईत सुरू झाले. पुढे 1977 साली केंद्र सरकारने तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या पदांत तीन टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि 1995 च्या कायद्याने अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग अशा तीन गटांस प्रत्येकी एक टक्का देऊन त्या हुकमास संसदेच्या अधिनियमाचे बळ दिले. तरीसुद्धा ही टक्केवारी कशावर मोजावयाची, याविषयीचा वाद वर्षानुवर्षे चालूच राहिला, आणि अखेरीस ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला की, ती केवळ निवडक पदांवर न मोजता संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजली पाहिजे.

या दीर्घ वाटचालीत पहिल्या तीन गटांतील दिव्यांगांनी जे मिळविले ते पुष्कळ अंशी स्वतः झगडून मिळविले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’सारखी संस्था उभारून शेकडो दिव्यांगांना उभे राहण्याचे सामर्थ्य दिले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून रेल्वेच्या सेवेत घेतले गेले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, 124 वा क्रमांक मिळविला, भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला आणि 2019 साली तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे हाती घेतली. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्वाळा दिला की, केवळ अंधत्वाच्या कारणास्तव कोणालाही न्यायाधीशपदाच्या निवडीतून वगळता येणार नाही. ही सारी उदाहरणे मनाला उभारी देणारी आहेत. तथापि त्यांतील प्रत्येक व्यक्तीला अर्ज लिहिता येत होता, युक्तिवाद करता येत होता, प्रसंगी न्यायालयाचे दार ठोठावता येत होते. ज्याला आपले गाऱ्हाणे चार वाक्यांतही मांडता येत नाही, त्याच्या वाट्याला काय येते, हे पाहिल्याखेरीज समाजाच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकविसांवर नेले, राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्के केल्या, आणि हा जो चौथा एक टक्का वाढला तो स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी मुकर्रर केला. ज्या माणसांकडे आजवर केवळ सांभाळण्याचा विषय म्हणून पाहिले जात होते, तीही राज्याच्या कारभारात हातभार लावू शकतात, असे देशाच्या संसदेने प्रथमच उच्चारले. जानेवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांगांना योग्य अशा 3,566 पदांची यादी जाहीर केली आणि तीत कोणत्या पदास कोणत्या प्रकारची दिव्यांगता बाधक ठरत नाही, तेही नोंदविले. कागदावरची तजवीज इथपर्यंत उत्तम आहे.

परंतु या चौथ्या टक्क्यात ज्यांचा समावेश झाला त्यांच्यापैकी ज्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास झेपतो, तो अध्ययन अक्षमता असलेला किंवा मानसिक आजारातून सावरलेला उमेदवार त्या दारातून आत येऊ शकतो; बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मात्र उंबरठ्यावरच अडखळतो. नेमणुकीचा मार्ग लेखी परीक्षेतून जातो, आणि त्या परीक्षेत दर तासामागे वीस मिनिटांचा वाढीव अवधी व लेखनिक देण्याची जी सवलत आहे, ती ज्याला उत्तर ठाऊक आहे पण लिहिता येत नाही अशाच्या उपयोगाची आहे. कागद विषयवार लावण्याचे काम जो वर्षभर न चुकता करील, त्याने त्यापूर्वी गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणे सोडवून दाखवावीत, अशी ही अपेक्षा आहे. त्यात भर अशी की, सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रातील चतुर्थ श्रेणी तृतीय श्रेणीत विलीन झाली आणि शिपायाच्या जागी आलेल्या ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ या पदासाठी दहावी किंवा तत्सम शिक्षण आवश्यक ठरले. तर अन्यत्र साफसफाई, बागकाम, टपाल पोहोचविणे अशी कामे ठेकेदारांकडे गेली. ज्या पायरीवर या मुलांना पाय ठेवता आला असता ती पायरीच अशा रीतीने काढून घेतली गेली.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे. राखीव जागेसाठी योग्य उमेदवार न मिळाल्यास ती जागा पुढील भरतीवर्षात ओढावी, त्याही वर्षी न मिळाल्यास दिव्यांगांच्या अन्य गटांत तिची अदलाबदल करावी, आणि तेथेही कोणी नसेल तरच ती दिव्यांग नसलेल्या व्यक्तीस द्यावी. ही तरतूद सद्हेतूने झालेली आहे, कारण जागा वाया जाऊ नये ही तिच्यामागील भूमिका आहे. परंतु ज्याला पात्र ठरविण्याचा मार्गच आखलेला नाही त्याच्याविषयी ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा नस्तीवर मारणे, आणि दोन वर्षांनी ती जागा नियमानुसार दुसरीकडे वळविणे, यात बिंदुनामावली निर्दोष राहते, लेखापरीक्षकाला आक्षेप घेता येत नाही, कोणत्याही अधिकाऱ्याकडून कसूर होत नाही, आणि तरीही एका माणसाचा हक्क हिरावला जातो. नियम कोणी मोडला नाही म्हणून अन्याय घडला नाही, असे मानणे हा आपल्या सार्वजनिक नीतीतील सर्वांत सोयीस्कर भ्रम आहे.

वस्तुतः कचेरीतील कामकाजाकडे जरा बारकाईने पाहावे. बारनिशीत आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारावा लागतो आणि क्रमांक घालावा लागतो. नस्त्या शिवाव्या लागतात. अभिलेखकक्षातील गठ्ठे सालवार लावावे लागतात. जुने कागद संगणकात उतरविण्यासाठी एकेक पान यंत्राखाली ठेवावे लागते. ग्रंथालयात परत आलेली पुस्तके आपापल्या फळीवर, इस्पितळात धुतलेल्या चादरी आपापल्या कपाटात आणि रोपवाटिकेत पिशव्यांतील रोपे आपापल्या वाफ्यात जावी लागतात. ही कामे हलकी नाहीत. ती बिघडली तर मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे निर्णय अडून राहतात. त्यांना हवी असते ती नियमितता, क्रम न मोडण्याची वृत्ती आणि तेच काम उद्याही तितक्याच मनोभावे करण्याची तयारी. प्रत्येक दिव्यांग व्यक्तीत हे गुण असतातच असे नाही, कारण त्यांच्यातही तुमच्याआमच्याइतकीच विविधता आहे. परंतु ज्याच्यात ते आहेत त्याला ते दाखविण्याची संधी प्रश्नपत्रिकेत मिळत नाही, ती प्रत्यक्ष कामाच्या जागीच मिळू शकते.

अमेरिकेत 1980 नंतरच्या दशकात या विषयाचा विचार करणाऱ्यांनी नेमका हाच क्रम उलटा केला. आधी वर्षानुवर्षे कार्यशाळेत शिकवावे आणि मग कधीतरी नोकरी शोधावी, या जुन्या रीतीऐवजी आधी खऱ्या कामावर नेमावे आणि तेथेच शिकवावे, ही पद्धत त्यांनी रूढ केली, आणि 1986 साली तेथील पुनर्वसन कायद्यात तिला स्थान मिळाले. या पद्धतीत जॉब कोच म्हणून ओळखला जाणारा मार्गदर्शक प्रारंभी रोज कामाच्या जागी सोबत असतो, कामाचे लहान लहान टप्पे पाडून देतो, कोणती गोष्ट चित्राने आणि कोणती खुणेने समजेल ते पाहतो, सहकाऱ्यांनाही कसे बोलावे ते सांगतो आणि हळूहळू स्वतः दूर होत जातो. 1996 साली सिनसिनाटी येथील मुलांच्या इस्पितळात तातडीच्या विभागाच्या प्रमुख परिचारिका एरिन रील यांच्या मनात आले की, आपल्या विभागात सामानाची मांडणी सतत विस्कळीत असते आणि ज्या मुलांवर आपण येथे उपचार करतो त्यांच्यासारख्याच मोठ्या झालेल्या मुलांना हे काम शिकविता येईल. त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम उभा राहिला आणि पुढे अनेक देशांत पसरला. आपल्याकडेही वरोऱ्याजवळचे आनंदवन कुष्ठरुग्णांच्या श्रमांवर उभे राहिलेले आपण पाहिले आहे. तेव्हा श्रमाने माणूस उभा राहतो, हे सत्य आपणांस परक्यांकडून शिकावयाचे नाही, शिकावयाची आहे ती सोबतीची पद्धतशीर रीत.

येथे कोणी म्हणेल की, सरकारी नोकरी ही कामासाठी आहे आणि ज्याला काम करण्यासाठी शेजारी माणूस उभा करावा लागतो त्याला ती देणे म्हणजे जनतेच्या पैशातून केलेले दान होय. हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, म्हणून त्याचा गंभीरपणे विचार केला पाहिजे. भारतीय प्रशासन सेवेत निवडल्या गेलेल्या अधिकाऱ्यास मसुरीच्या अकादमीत आणि नंतर जिल्ह्यात जनतेच्याच खर्चाने दीर्घ प्रशिक्षण मिळते. राज्याच्या अधिकाऱ्यांसाठी पुण्यात यशदा आहे. नवा लिपिक रुजू झाला की जुना लिपिक त्याला टिपणी लिहावयास शिकवितो. साहेबांच्या दिमतीला शिपाई, वाहनचालक आणि स्वीय सहायक असतात. या साऱ्याला आपण दान म्हणत नाही. साहाय्याशिवाय काम करणारा कर्मचारी कोणत्याही कचेरीत नाही. फरक इतकाच की, बहुसंख्यांना लागणारे साहाय्य आपण अंदाजपत्रकात आधीच धरलेले असते आणि थोड्यांना लागणारे साहाय्य उपकाराच्या सदरात टाकलेले असते. 2016 च्या कायद्याने प्रत्येक सरकारी आस्थापनेवर वाजवी सोयी पुरविण्याचे बंधन घातले आहे. रॅम्प आणि वाचनाचे सॉफ्टवेअर ज्या न्यायाने त्या सोयींत बसतात, त्याच न्यायाने काही महिन्यांचा मार्गदर्शकही बसला पाहिजे.

दुसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. अशी प्रमाणपत्रे मिळवून खऱ्या दिव्यांगांच्या जागा बळकावल्याच्या तक्रारी अलीकडे गाजल्या आहेत आणि त्यांची कठोर चौकशी झालीच पाहिजे. परंतु चोराच्या भीतीने धर्मशाळेचे दार बंद करावयाचे नसते. आणि जेथे निवड प्रत्यक्ष काम पाहून व्हावयाची, महिनोन्महिने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्हावयाची, तेथे सोंग फार काळ टिकणेही कठीण.

म्हणून शासनाकडे मागणे तीन गोष्टींचे आहे. बौद्धिक दिव्यांगत्व आणि तीव्र स्वमग्नता असलेल्या उमेदवारांसाठी सेवाप्रवेश नियमांत लेखी परीक्षेऐवजी कामाच्या जागी घ्यावयाच्या चाचणीची तरतूद करावी. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशातच मार्गदर्शकाचा खर्च मंजूर करावा आणि विशेष शाळांतून निवृत्त झालेल्या अनुभवी शिक्षकांना त्यासाठी पाचारण करावे. आणि या दोन गोष्टी झाल्या असल्याचा दाखला नस्तीवर असल्याशिवाय चौथ्या टक्क्यातील कोणतीही जागा अन्य गटाकडे वळवू नये. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आहे. हा पायंडा पाडण्याचा मान त्याने घ्यावा, असे मनापासून वाटते.

कायदा माणसाला खुर्चीपर्यंत आणील. त्या खुर्चीत त्याला सन्मानाने बसता येईल की नाही, हे मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसांवर अवलंबून राहील. त्याला 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी व्यासपीठावर बोलावून हारतुरे द्यावेत आणि वर्षाचे उरलेले दिवस त्याच्या हाती कामच देऊ नये, हा प्रकार अवहेलनेहून फारसा वेगळा नाही. त्याला काम द्यावे. चुकले तर शांतपणे सांगावे. डबा खाताना आपल्यात बसवावे. त्याच्या वेतनाच्या पैशांचा विनियोग त्याला विचारून व्हावा. हे सारे कोणत्याही परिपत्रकाने घडवून आणता येत नाही, ते केवळ सहकाऱ्यांच्या शीलातून घडते.

वाचकांपैकी जे कार्यालयप्रमुख असतील त्यांनी आपल्या कचेरीतील अशा एका कामाची नोंद करून जवळच्या विशेष शाळेशी पत्रव्यवहार सुरू करावा, आणि जे पालक असतील त्यांनी आपल्या जिल्ह्यातील चौथ्या टक्क्याच्या जागांचे काय झाले, याची लेखी विचारणा करावी. ज्याला स्वतःचा हक्क मागता येत नाही त्याच्या वतीने तो मागणे, हे सुशिक्षित नागरिकाचे पहिले कर्तव्य आहे.