खव्यातलं नत्र जातं कुठे?

धाराशिव जिल्ह्यातलं ईट ज्या भूम तालुक्यात आहे, तो खव्याचा तालुका. कुंथलगिरीचा पेढा याच मुलखातला. बालाघाटाच्या माळावर पाऊस बेभरवशाचा, म्हणून घर दुधावर चालतं. साधारण पाच लिटर गाईचं दूध भट्टीवर आटलं की किलोभर खवा उतरतो आणि दुधातलं बहुतेक प्रथिन त्यातच राहतं. प्रथिनाचा सुमारे सहावा हिस्सा नत्राचा. म्हणजे किलोभर खव्याबरोबर जवळपास २५ ग्रॅम नत्र पुण्यासारख्या शहराकडे रवाना होतं.

शहरात ते टिकत नाही. धडधाकट प्रौढ माणूस जेवढं नत्र खातो, जवळजवळ तेवढंच बाहेर टाकतो. त्यातलं बरंचसं लघवीतून, युरियाच्याच रूपात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात जलपर्णी आणि हिरवं शेवाळ माजतं ते याच फुकटच्या खतावर. सोलापूर तर उजनीचं पाणी पितंच, धाराशिव शहरही पितं. ज्या जिल्ह्यानं खवा पाठवला, त्याच्याच नळापर्यंत शहराचा उरलासुरला हिशेब येऊन पोहोचतो.

पुण्यासाठी २०१६ साली जपानच्या मदतीचा करार झाला: ११ शुद्धीकरण केंद्रं, दररोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. ही कामं हवीतच. पण सांडपाण्यातली घाण कमी झाली म्हणून नत्र गेलं असं होत नाही. अमोनियाचं नायट्रेट झालं, तरी नत्र पाण्यातच राहतं. त्याला वायुरूपानं हवेत परत पाठवण्याचा वेगळा टप्पा लागतो आणि तो काटेकोरपणे चालवावा लागतो.

गावाचा वाटाही लहान नाही. ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांत मिळते. तीत जवळपास २१ किलो नत्र असतं. पिकाच्या हाती त्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्साच लागतो. उरलेल्यापैकी काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रस ऑक्साइड होतं, जो वायू हवामान कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो, आणि काही नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं. गोठ्यामागचा उघडा उकिरडा त्यात भर घालतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून अधिक नमुने त्यापलीकडे होते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद असं पाणी कमी करतं. पाणी उकळून उपयोग नाही. उलट आटल्यानं नायट्रेट दाट होतं. हे दर घरात माहीत असायला हवं.

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मैल्यापासून केलेलं सोनखत मुठा कालव्याकाठच्या उसाला जात असे. ते काम माणसांवर जातीनं लादलेलं होतं, त्यामुळे त्या दिवसांकडे परतायचं नाही. मात्र आज यंत्रं हाताशी आहेत. लघवी वेगळी साठवता येते, गाळ तपासून, जंतुमुक्त करून शेतात नेता येतो. ज्या शेतकऱ्याकडून शहर प्रथिन घेतं, त्याला त्यातलं नत्र परत मिळणं हा उपकार नव्हे, हक्क आहे.

२०१९च्या कोलंबो जाहीरनाम्यात नत्राची नासाडी २०३०पर्यंत निम्मी करण्याचं ठरलं. त्यासाठी ईटच्या शेतकऱ्यानं सोयाबीनवर युरिया फेकण्याआधी रोप उपटून मुळांवरच्या नत्र बांधणाऱ्या गाठी पाहाव्यात, उकिरडा विहिरीपासून दूर न्यावा, त्यावर आच्छादन घालावं. आणि पुणे, पिंपरी-चिंचवडच्या महापालिकांनी नदीत किती नत्र सोडलं, याचा आकडा दर महिन्याला जाहीर करावा. उजनीखालच्या माणसांनी तो मागितलाच पाहिजे.